चंद्राचा फोटो काढण्याआधी तिथी बघा

दुर्बिणीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाइल लावून चंद्राचा फोटो काढायचा पहिला बेत बहुतेक जण पौर्णिमेला आखतात. कोजागरीला तर गच्चीवर दूध आटत असतं, माणसं जमलेली असतात आणि कुणीतरी दुर्बीणही आणलेली असते. पण नवशिक्याने फोटोसाठी टाळावी अशी रात्र कोणती, तर हीच. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर प्रकाश टाकत असतो. तिथल्या डोंगरांच्या सावल्या डोंगरांमागेच लपतात, आणि सावली नाही म्हणजे उंची-खोली कळत नाही. फोटोत येते ती एक पांढरी तबकडी, तिच्यावरचे करडे डाग आणि दक्षिणेकडच्या टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे. पट्टे देखणे असतात, ते एकदा जरूर टिपावेत. पण चंद्रावर खरीखुरी, चढउतारांची जमीन आहे, हे त्या फोटोतून जाणवत नाही.

ते जाणवतं उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर. शुद्ध पक्षात त्या रेषेवर राहणाऱ्याला, तिथे कुणी राहत असता तर, सूर्य नुकताच उगवताना दिसला असता. सूर्य क्षितिजापासून पाच अंश वर असताना कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या अकरा पट पडते. शंभर मीटरच्या साध्या उंचवट्याची सावलीसुद्धा किलोमीटरभर लांबते. विवराची कड उन्हात चमकत असते, तळ मात्र काळाकुट्ट असतो. दुर्बिणीतून पहिल्यांदा हे पाहणारा माणूस हमखास थबकतो.

ही सीमारेषा आज कुठे आहे हे कळायला ॲप लागत नाही, घरातलं पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आपली तिथी मुळात सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाचंच माप आहे. दर बारा अंशांना एक तिथी. अमावास्या संपताना कोन शून्य, शुद्ध अष्टमीच्या मध्यावर नव्वद, पौर्णिमा संपताना १८०. म्हणजे एका तिथीत उजेडाची रेषा चंद्राच्या रेखांशावर सुमारे बारा अंश सरकते. अष्टमीला ती चंद्राच्या मध्यातून जाते. षष्ठीला ती पूर्वेच्या १८ ते ३० अंशांवर असते, तेव्हा सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचं थिओफिलस विवर आणि त्याला खेटून असलेली सिरिलस आणि कॅथरिना उठून दिसतात. अष्टमी-नवमीला टॉलेमियस, अल्फोन्सस, आर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक येतात. नवमीलाच ‘स्ट्रेट वॉल’ हा शंभराहून जास्त किलोमीटर लांबीचा सरळ कडा एका काळ्या रेघेसारखा दिसतो. दशमीला कोपर्निकस. व्यास ९३ किलोमीटर, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती आणि मधोमध शिखरं. माझ्या मते सबंध चंद्रावर याहून सुंदर विवर नाही.

एक काळजी घ्यावी. कॅलेंडरवर छापलेली तिथी त्या दिवशीच्या सूर्योदयाची असते आणि संध्याकाळपर्यंत ती बदललेली असू शकते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तिथी कधी एकोणीस तासांत संपते, तर कधी सव्वीस तासांहून थोडी लांबते. म्हणून तिथीच्या समाप्तीची वेळ बघावी.

महिन्यालाही महत्त्व आहे. फाल्गुन-चैत्रातला शुद्ध अष्टमीचा चंद्र महाराष्ट्रातून सूर्यास्ताच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो. भाद्रपद-आश्विनात तोच अष्टमीचा चंद्र दक्षिणेकडे कलतो आणि फार वर चढत नाही. चंद्र जितका वर, तितकी मधली हवा कमी आणि चित्र तितकं स्वच्छ. त्यामुळे रामनवमीची संध्याकाळ फोटोसाठी उत्तम.

आता दुर्बिणीकडे येऊ. उदाहरणासाठी सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची, हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण घेतो: आरसा १५० मिलिमीटरचा, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट मोठं दिसतं, आणि दृश्याचा घेर साधारण एक अंश असतो. चंद्र अर्धा अंशाचा असल्यामुळे तो पुरा मावतो आणि भोवती मोकळी जागाही उरते. सुरुवात याच आयपीसने करावी. १० मिलिमीटरच्या आयपीसने १२० पट मोठं दिसतं, पण चंद्र पुरा मावत नाही आणि हाताचा प्रत्येक धक्काही तितकाच मोठा होतो.

आयपीसमधून बाहेर पडणारे किरण समांतर असतात. निवांत डोळा दूरचं बघताना असेच किरण घेतो, म्हणूनच डोळ्याच्या जागी फोनचा कॅमेरा ठेवला तरी काम होतं. हे सगळे किरण आयपीसच्या किंचित वर एका लहानशा वर्तुळात एकत्र येतात. ४८ पटीला ते वर्तुळ सुमारे तीन मिलिमीटरचं असतं, १२० पटीला जेमतेम सव्वा. फोनची भिंग नेमकी त्या वर्तुळावर यायला हवी. जरा डावी-उजवीकडे गेली की चित्र काळं होतं, मागेपुढे झाली की कडा खाल्ल्या जातात. नवशिक्याची सगळी दमछाक इथेच होते. तेव्हा आयपीसची रबरी कड दुमडून टाका, फोनचं कव्हर काढा आणि शक्य तर फोन धरणारा अडॅप्टर घ्या. दुर्बिणीवर खर्च केला असेल, तर पुढचा खर्च आधी त्याच्यावर करावा, महागड्या आयपीसवर नाही. फोनच्या वजनाने नळी पुढे झुकते, त्यासाठी मागच्या टोकाला थोडं वजन बांधावं. फोनला दोन-तीन कॅमेरे असतील तर मुख्य कॅमेराच वापरा. झूम केल्यावर फोन गुपचूप दुसऱ्या भिंगेवर जातो आणि जुळवलेलं सगळं बिघडतं.

यानंतर येतो एक्सपोजर. रात्र आहे म्हणून फोनला वाटतं की उजेड कमी आहे, तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि चंद्राचा पांढरा गोळा होतो. खरं तर चंद्रावर भर दुपार असते. तो उन्हात पडलेला गडद खडक आहे. त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण आठवा हिस्साच परत फेकला जातो, पण ऊन मात्र आपल्या अंगणातलंच. त्यामुळे चंद्राचा फोटो दिवसाच्या हिशोबाने काढायचा. जुने छायाचित्रकार पौर्णिमेच्या चंद्रासाठी एफ/११ (भिंगाच्या छिद्राचं माप) आणि आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता) असेल तर एक शतांश सेकंद असा ठोकताळा सांगत. फोनच्या भिंगेचं छिद्र एफ/१.८ च्या आसपास असतं, म्हणून तोच हिशोब सेकंदाच्या काही हजाराव्या भागापर्यंत उतरतो. दुर्बीण चंद्राचा पृष्ठभाग जास्त उजळ करत नाही, फक्त मोठा करते. त्यामुळे ४८ पटीला हिशोब जवळपास तसाच राहतो.

अष्टमीला मात्र बदल करावा लागतो. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देतो असं वाटेल, पण तो देतो साधारण दहावा हिस्साच. कारण उजेडातल्या अर्ध्या भागातही सावल्यांनी बरीच जागा व्यापलेली असते. म्हणून अष्टमीला ४८ पटीवर आयएसओ १०० ठेवून १/५०० सेकंदापासून सुरुवात करावी, १२० पटीवर १/१०० सेकंदापासून, आणि चित्र बघून कमी-जास्त करावं. फोनमध्ये प्रो मोड (शटर आणि आयएसओ स्वतः ठरवायची सोय) नसेल तर उजेडाच्या कडेवर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, मग सरकपट्टी खाली ओढा. चित्र थोडं काळपट आलेलं चालतं. पांढरं फटक झालेल्या भागातला तपशील पुन्हा कशानेही मिळत नाही.

१८४० साली न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचा डॅगेरोटाइप (चांदीच्या पत्र्यावरचा जुन्या पद्धतीचा फोटो) घेतला, तेव्हा त्यांना वीस मिनिटं पत्रा उघडा ठेवावा लागला होता. पृथ्वी फिरत असल्यामुळे चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. म्हणजे तितका वेळ यंत्र त्याच्यामागे फिरवत राहणं आलं. आपल्याला १/५०० सेकंद पुरतो. तेवढ्यात चंद्र दिसण्याइतका हलत नाही. म्हणूनच साधी, हाताने ढकलायची दुर्बीण या कामाला पुरते. चंद्राला मध्यावर धरून ठेवायच्या खटपटीत पडू नका. आकाशात तो ज्या दिशेने सरकतो तिकडे दुर्बीण त्याच्या थोडी पुढे न्या, हात काढा, कंपनं थांबू द्या आणि तो मध्यावर आला की फोटो घ्या. बटण दाबताना बसणारा धक्काही पुष्कळ असतो, त्यासाठी दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा.

फोकस आधी डोळ्याने, चष्मा असेल तर तो लावूनच करावा. मग फोन बसवून त्याचा फोकस अनंतावर लॉक करावा आणि सावलीच्या रेषेवरचं एखादं विवर स्क्रीनवर बघत दुर्बिणीचा फोकसर हळूहळू फिरवावा.

एवढं करूनही चित्र उकळत्या पाण्यातून बघावं तसं थरथरतं. हा दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते आणि ती हवा थेट दुर्बिणीसमोरून वर जाते. जमीन, गवत किंवा मातीचं अंगण मिळालं तर गच्ची सोडावी. गच्चीच असेल तर थोडं थांबावं आणि दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या तापमानाला येतो. चंद्रावर एक विकला (अंशाचा ३६००वा भाग) म्हणजे सुमारे १.९ किलोमीटर. चांगल्या रात्री सहा इंची दुर्बीण दीड-दोन किलोमीटरपर्यंतचा तपशील दाखवते, थरथरत्या हवेत त्याच्या दुपटी-तिपटीवर थांबते. अपोलोचे झेंडे दिसतील का, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही याच आकड्यात आहे.

हवेवर एक उपाय आहे. एका फोटोऐवजी मिनिटभराचा व्हिडिओ घ्यायचा. त्यात काही क्षण हवा शांत असतेच. ऑटोस्टॅकर्ट हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्या व्हिडिओतल्या चौकटी पारखून चांगल्या तेवढ्या एकमेकींवर रचतं. यादृच्छिक दाणेदारपणा विरतो आणि खरा तपशील उरतो. नंतर धार वाढवताना हात आखडता ठेवावा. विवरांभोवती पांढरी कडी दिसू लागली की आपण पुढे गेलो.

फोनची ‘चंद्र’ ओळखून फोटो सुधारणारी सोय बंद ठेवा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. काही फोन कृत्रिम बुद्धिमत्तेने चंद्रावरचा तपशील स्वतःच भरतात, यावर २०२३ मध्ये जगभर चर्चा झाली. आपल्या दुर्बिणीने न पाहिलेलं विवर आपल्या फोटोत असू नये.

आणि सूर्य मावळायच्या आत दुर्बीण लावणार असाल, तर ती सूर्याकडे वळणार नाही याची खात्री करा. क्षणभरातही डोळा आणि फोन दोन्ही जाऊ शकतात.

फोटो मिळाला की तो ओळखायला घ्यावा. डॉब्सोनियनमधलं चित्र पूर्ण उलटं असतं, ते १८० अंशांत फिरवायचं. लेन्सच्या दुर्बिणीला डायगोनल (आयपीस काटकोनात वळवणारा) आरसा असेल तर डावं-उजवं बदललेलं असतं, तिथे फोटो आरशासारखा पलटावा लागतो. हे केल्याशिवाय नकाशाशी काहीच जुळत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा शुद्ध सप्तमीची संध्याकाळ होती. उतरायची जागा सुमारे ६९ अंश दक्षिण आणि ३२ अंश पूर्व. तिथे सकाळ नुकतीच झाली होती, म्हणून सौर पट्ट्यांना पुढे जवळपास चौदा दिवसांचं ऊन मिळणार होतं. कोणत्याही शुद्ध सप्तमीला दक्षिण कडेजवळचं मँझिनस विवर शोधलं की तो परिसर फोटोत येतो. कडेजवळ असल्यामुळे विवरं दबलेली, लंबगोल दिसतात.

फोकस खरंच जमला का, हे तपासायला सप्तमीला सेरेनिटाटिस सागराकडे वळा. त्या सपाट मैदानात सोळा किलोमीटरचं बेसेल विवर सहज सापडतं. त्याच्या ईशान्येला सुमारे आठ किलोमीटरचं एक एकटं विवर आहे, विक्रम साराभाईंच्या नावाचं. १० मिलिमीटरच्या आयपीसने घेतलेल्या फोटोत ते नुसता ठिपका न दिसता अर्धं काळं, अर्धं उजळ दिसलं, तर फोकस, एक्सपोजर आणि हवा तिन्ही त्या रात्री जुळून आलं आहे.