खेकडा कवचातून बाहेर पडतो कसा?

पावसाळ्यात नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठाला नाहीतर मौदा-रामटेककडे धानाच्या बांधीत कधीकधी अख्खा खेकडा पडलेला दिसतो, पाय, नांग्या, डोळ्यांवरचं आवरणसुद्धा जागच्या जागी, फक्त हलत नाही, म्हणून मेला समजून आपण पुढे जातो. उचलून तर पाहा ना बाप्पा. एकदम हलका, वास नाही आणि पाठीचं झाकण मागून उघडं असेल तर तो खेकडा नाहीच, त्यानं काढून टाकलेलं कवच आहे. मालक जवळच कुठंतरी बिळात दडून बसलेला असेल.

आपली हाडं आत असतात म्हणून आपण हळूहळू वाढतो. खेकड्याचा सांगाडा बाहेर, कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचा आणि कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि तो एकदा कडक झाला की वाढतच नाही. म्हणून आधी आतल्या आत नवीन मऊ कवच तयार होतं, जुन्यातलं थोडं कॅल्शियम शरीर परत ओढून घेतं, मग पाठीचं झाकण मागच्या बाजूनं सुटतं आणि खेकडा उलटा उलटा बाहेर सरकतो. कल्ल्यांवरचं पातळ आवरण आणि पोटाच्या आतलं अस्तरसुद्धा सोबत निघतं, ऐकूनच अंगावर काटा येतो.

पण खरी गंमत नांगीची. नांगी जाडजूड आणि तिचा सांधा एवढासा, म्हणजे हात सुजलाय आणि बांगडी काढायचीये अशातला प्रकार. यावर खेकड्याचा उपाय भारीच आहे, कात टाकायच्या आधी तो नांगीतला स्नायूच बारीक करून टाकतो, जमिनीवर राहणाऱ्या काही खेकड्यांमध्ये तर 40 टक्क्यांहून जास्त. नंतर परत भरून काढतो.

हे सगळं कधी करायचं ते हार्मोन ठरवतात, आणि त्याला ब्रेक लावणारी ग्रंथी कुठं, तर डोळ्याच्या देठात! 1905 मध्ये प्राणीशास्त्रज्ञ चार्ल्स झेलेनी यांना दिसलं होतं की देठ काढले तर खेकडा लवकर कात टाकतो.

बाहेर आला की तो पाणी शोषून फुगतो, आणि त्या फुगलेल्या मापावरच नवीन कवच कडक होतं. म्हणजे वाढ जी काय होते ती एका झटक्यात, समुद्रातल्या निळ्या खेकड्याची रुंदी एकेका खेपेला साधारण पाव ते एक तृतीयांश वाढते. तुटलेला पायही असाच कात टाकताना परत येतो, आधी छोटा, मग पुढच्या खेपांना मोठा. गोड्या पाण्यात समुद्राइतकं कॅल्शियम नसतं, म्हणून आपल्याकडचे खेकडे बरेचदा जुनं कवच खाऊनच टाकतात, वाया कशाला घालवायचं.

आता रस्स्यासाठी खेकडे घेणाऱ्यांच्या कामाचं. नुकती कात टाकलेल्या खेकड्यात मांस कमी आणि पाणी जास्त असतं, दिसायला मोठा पण शिजवला की काहीच नाही. पोटाकडून अंगठ्यानं दाबून पाहा, दबला तर परत टोपलीत ठेवा आणि त्याच मापाचा जड लागणारा दुसरा उचला.