शूगेझ
शूगेझ ही पर्यायी रॉक संगीताची एक शैली आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आकाराला आली. गिटारच्या आवाजाचा दाट लोट, त्यात जवळजवळ बुडालेला गळा आणि एवढ्या गदारोळातही तग धरणारी गोड चाल, ही तिची ओळख. ड्रीम पॉप या शैलीशी तिचे नाते इतके जवळचे आहे की सीमारेषा आखणे अवघड. ढोबळमानाने एवढेच म्हणता येईल, की ड्रीम पॉपमधली गिटार तरंगते आणि शूगेझमधली अंगावर येते.

नाव मिळाले ते टिंगलीतून. मूस या बँडचा गायक रसेल येट्स रंगमंचाच्या जमिनीवर चिकटवलेल्या कागदावरून शब्द वाचत गायला. ‘साउंड्स’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या परीक्षणात त्याची ‘बुटांकडे बघणारा’ अशी खिल्ली उडाली. पुढे पायाशी मांडलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या इफेक्ट पेडलांत नजर अडकलेल्या सगळ्याच बँडांना हे नाव चिकटले.

या संगीताची पूर्वतयारी स्कॉटलंडमध्ये झाली होती. कॉक्टो ट्विन्सची एलिझाबेथ फ्रेझर अर्थापेक्षा नादासाठी गात असे. जीझस अँड मेरी चेनने ‘सायकोकँडी’ (१९८५) या अल्बममध्ये साध्यासोप्या पॉप चालींवर कर्कश फीडबॅक (गिटार स्पीकरजवळ नेल्यावर उठणारा किंचाळ) ओतला. हे दोन्ही धागे एकत्र आणले ते १९८३ मध्ये डब्लिनला सुरू झालेल्या माय ब्लडी व्हॅलेंटाइनने.

त्यांचा ‘लव्हलेस’ (नोव्हेंबर १९९१) हा या शैलीचा मानदंड मानला जातो, आणि तो मान रास्तच आहे. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारची ट्रेमोलो दांडी, म्हणजे तारांचा ताण कमीजास्त करणारी दांडी, हातात धरूनच तारा छेडत असे. त्यामुळे अख्खा स्वरमेळ किंचित वर-खाली डोलतो आणि ऐकणाऱ्याला टेपच खराब झाली की काय असे वाटते. जोडीला उलटा रिव्हर्ब (घुमारा), म्हणजे आवाज विरत जाण्याऐवजी फुगत येतो. ऐकताना शेकडो गिटारी वाजताहेत असा भास होतो. प्रत्यक्षात गिटारचे थर मोजकेच आहेत, असे शील्ड्सने सांगितले आहे. ड्रमवादक कोल्म ओ कियोसोइग आजारी असल्याने त्याच्या वादनाचे तुकडे आधी मुद्रित करून बहुतेक ताल त्यांतून जुळवले गेले. गायिका बिलिंडा बुचर अनेकदा झोपेतून नुकती उठून गात असे आणि ती पेंग आवाजात उतरली आहे. काम दोन वर्षांहून अधिक काळ, अनेक स्टुडिओ बदलत चालले. खर्चाच्या आकड्यांवरून क्रिएशन रेकॉर्ड्स हे त्यांचे लेबल आणि शील्ड्स यांच्यात आजवर एकवाक्यता नाही. अल्बम आल्यानंतर लेबलने बँडशी संबंध तोडले, एवढे खरे.

भावगीतावर वाढलेल्या कानाला इथे शब्द कळत नाहीत हाच पहिला अडथळा वाटेल. पण गायक पुढे आणि साथ मागे ही मांडणी मोडणे हाच तर या मंडळींचा हेतू होता.

ऑक्सफर्डच्या राइडने ‘नोव्हेअर’ (१९९०) मध्ये या आवाजाला वेग दिला. रेडिंगच्या स्लोडाइव्हने ‘सूव्हलाकी’ (१९९३) मध्ये तो संथ आणि विषण्ण केला. त्यातल्या दोन गाण्यांत संगीतकार ब्रायन ईनोचा सहभाग आहे. लश या बँडचा ‘स्पूकी’ (१९९२) कॉक्टो ट्विन्सच्या रॉबिन गथ्रीच्या निर्मितीतून आला.

उतरती कळा झपाट्याने लागली. अमेरिकेतून ग्रंज हा खरखरीत रॉक आला, पाठोपाठ ब्रिटनचाच चालींवर भर देणारा ब्रिटपॉप. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांना बोलघेवडे, भांडकुदळ नायक हवे होते. मान खाली घालून वाजवणाऱ्या मध्यमवर्गीय पोरांची बातमी होत नसे. ‘पिग्मेलियन’ (१९९५) आल्यावर क्रिएशनने स्लोडाइव्हलाही निरोप दिला. राइड १९९६ मध्ये फुटला आणि त्याचा गिटारवादक अँडी बेल पुढे चक्क ब्रिटपॉपच्या ओएसिस बँडमध्ये बेस वाजवू लागला.

चेहरा नसणे तेव्हा नडले, पण इंटरनेटवर तेच पथ्यावर पडले. इथे ऐकणाऱ्याला मुलाखती किंवा भांडणे माहीत असण्याची गरज नव्हती. केवळ आवाजाच्या जोरावर गाणी हातोहाती फिरली. सोफिया कोपोलाच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ (२००३) चित्रपटाच्या संगीतात शील्ड्सचा सहभाग होता, तेव्हा नवी पिढी ‘लव्हलेस’पर्यंत पोहोचली. अमेरिकेच्या डेफहेवनने ‘सनबेदर’ (२०१३) मध्ये हा आवाज ब्लॅक मेटल या किंकाळ्यांच्या, वेगवान मेटल शैलीशी जोडला. फ्रान्सचा अल्सेस्ट त्या वाटेवर आधीच होता. दक्षिण कोरियाचा पॅरानूल हा एकांडा कलाकार २०२१ मध्ये घरच्या घरी केलेल्या मुद्रणातून जगभर ऐकला गेला.

माय ब्लडी व्हॅलेंटाइनने २०१३ मध्ये ‘एमबीव्ही’ हा अल्बम थेट आपल्या संकेतस्थळावर विकायला काढला. गर्दीने संकेतस्थळच कोसळले. स्लोडाइव्ह २०१४ मध्ये पुन्हा एकत्र आला. टिकटॉकवर त्यांची जुनी गाणी, ती आल्यानंतर जन्मलेली मुले ऐकू लागली होती, अशात २०२३ मध्ये आलेला ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ ब्रिटनच्या पहिल्या दहा अल्बमांत गेला. १९९० च्या दशकात त्यांना हे एकदाही जमले नव्हते.