अरब उठावांची पार्श्वभूमी: भाषेची वाट, पंथाची भिंत

ट्युनिशियाचे अध्यक्ष १४ जानेवारी २०११ रोजी देश सोडून पळाले आणि महिन्याभरात इजिप्तच्या अध्यक्षांनाही पायउतार व्हावे लागले. दोन्हीकडे घोषणा एकच होती: 'अश-शाब युरीद इस्कात अन-निझाम', लोकांना ही राजवट उलथवायची आहे. ट्युनिस आणि कैरोच्या बोलीत बरेच अंतर आहे, पण ही घोषणा शाळेत शिकवल्या जाणाऱ्या प्रमाण अरबीत असल्याने ती येमेनची राजधानी सना, बहरीनची राजधानी मनामा आणि सीरियातले दारा शहर इथेही तशीच्या तशी चालली. दारात शाळकरी मुलांनी ती भिंतीवर लिहिली. त्यांच्या अटकेवरूनच मार्चमध्ये सीरियात निदर्शने सुरू झाली.

१९५० च्या दशकात कैरोच्या नभोवाणीने अरब देशांना असेच एका सुरात बांधले होते. १९९६ पासून ते काम कतारमधल्या उपग्रह वाहिनीने केले. याउलट २००९ मध्ये तेहरानमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले, तरी फारसीतले ते आंदोलन अरब देशांत पसरले नाही.

धर्माने दिला तो शुक्रवार. २८ जानेवारी २०११ च्या शुक्रवारी इजिप्तमध्ये इंटरनेट आणि मोबाइल बंद केले गेले, तरी दुपारच्या नमाजानंतर मशिदींतून लोक थेट मोर्चात आले.

बहरीनमध्ये मात्र धर्मानेच वाट अडवली. तिथे राजघराणे सुन्नी, बहुसंख्य प्रजा शिया. १४ फेब्रुवारीला सुरू झालेल्या आंदोलनाच्या मागण्या राज्यघटना आणि निवडून आलेले सरकार या होत्या. 'ना सुन्नी ना शिया, फक्त बहरीनी' असे लोक ओरडून सांगत होते. तरी त्यावर शियाबहुल इराणच्या कटाचा शिक्का बसला. १४ मार्चला समुद्रावरच्या पुलावरून सौदी सैनिक आले, अमिरातीचे पोलीसही आले. राजाच्या विनंतीवरून आलो, असा त्यांचा दावा होता. दुसऱ्या दिवशी आणीबाणी लागली आणि १८ मार्चला आंदोलक जिथे जमत होते त्या मनामातल्या चौकातला मोत्याचा मनोरा पाडण्यात आला. पुढे राजानेच नेमलेल्या चौकशी आयोगाला बहरीनमधल्या घटनांमागे इराणचा हात असल्याचे सिद्ध करणारा पुरावा मिळाला नाही. हा अहवाल नोव्हेंबरमध्ये आला. तोवर आंदोलन चिरडले गेले होते. शेजारच्या सौदी कतीफमधल्या शियांनी बहरीनसाठी मोर्चे काढले, पण कैरोसाठी हळहळणाऱ्या अनेक सुन्नी अरबांनी मनामाकडे पाठ फिरवली. हा अन्याय होता.

२०१९ मध्ये अल्जीरिया, सुदान, लेबनॉन आणि इराकमध्ये पुन्हा लाट आली. इराकमध्ये शिया तरुण शिया पक्षांच्याच सरकारविरुद्ध उठले होते, त्यामुळे पंथाचा शिक्का तिथे सहजासहजी चिकटला नाही. नोव्हेंबरमध्ये तर नजफ या शियांच्या पवित्र शहरातच आंदोलकांनी इराणचा वाणिज्य दूतावास पेटवला.