इंदूरची घोडेस्वारी : होळकरांच्या पागेपासून ड्रेसाजच्या मैदानापर्यंत

२६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले. ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवण्याची स्पर्धा. घोडेस्वारीतले सुवर्ण देशाला तब्बल ४१ वर्षांनी मिळाले, आणि संघातल्या चौघांपैकी एक, सुदीप्ती हजेला, आपल्या इंदूरची. बातमी आली तेव्हा अनेकांना नवल वाटले. पोहे-जिलबी, कापड बाजार आणि क्रिकेटचे हे गाव. इथे घोडा कुठून आला? खरे तर घोडा इथे आधी आला, गाव नंतर वाढले.

होळकरांची सगळी दौलत खोगिरावर उभी राहिली. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले, कदमबांडे सरदारांच्या पथकात स्वार झाले आणि तिथून बाजीरावांच्या नजरेत भरले. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत मराठी घोडदळाने निजामाला नुसत्या वेगावर जेरीस आणले. जड सामान नाही, तोफांचे लटांबर नाही. माळव्यात पाय रोवले गेले ते याच चपळाईवर. ज्यांचे कुलदैवत, जेजुरीचा मल्हारी मार्तंड, स्वतःच घोड्यावर बसलेले आहे, त्यांच्या घरात घोड्याला काय मान असेल हे वेगळे सांगायला नको. इंदूरच्या राजवाड्यातही मल्हारी मार्तंडाचे मंदिर आहे.

स्वारांच्या पराक्रमाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. त्यांच्यामागे उभी असलेली पागा, म्हणजे घोड्यांचा तबेला आणि तिथली माणसे, मात्र कुणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. शिवकाळापासून घोडदळाचे दोन भाग होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी चढती रचना होती. त्याच हिशेबात दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंदही धरलेला असे. म्हणजे पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा हे लढाईच्या रचनेतच मोजलेले होते, उरलेसुरले नोकर म्हणून नव्हे. पावसाळ्यात फौज छावणीला परतली की दाणा, वैरण, घोड्यांची औषधे आणि गवताने शाकारलेले निवारे तयार ठेवायचे, दसऱ्याला पुन्हा बाहेर पडायचे. पुढच्या काळात सरदारांच्या फौजांत शिलेदारांचा भरणा वाढला आणि शिस्त सैल झाली, पण घोड्याभोवती माणसांची एक वस्ती लागते ही जाण टिकली.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने राज्य लहान झाले, राजधानी इंदुरात आली आणि जवळच महूला इंग्रजांची छावणी पडली. त्याच तहात होळकरांनी किमान ३००० स्वार इंग्रजांच्या मदतीला तयार ठेवायचे ठरले. पराभवानंतरही घोडदळ संपले नाही, फक्त त्याचा धनी बदलला. शहराच्या नकाशावर तो काळ अजून वाचता येतो : पागनीसपागा, तोपखाना, जिन्सी, हाथीपाला, छावणी. पत्ता सांगताना आपण ही नावे रोज घेतो.

इंदूरच्या डेली कॉलेज या शाळेची गोष्ट इथून सुरू होते. १८७० मध्ये निघालेल्या रेसिडेन्सी स्कूलला १८८२ मध्ये सर हेन्री डेली यांचे नाव मिळाले. डेली मध्य भारतातले इंग्रजांचे एजंट होते, पण मुळात घोडदळाचे माणूस. १८४९ मध्ये त्यांनी पंजाबात घोडदळाची पलटण उभी केली होती. गंमत अशी की इंग्रजांच्या अशा पलटणी बऱ्याच अंशी शिलेदारीवरच चालत. स्वाराने घोडा आणायचा किंवा त्याची किंमत भरायची, ही मराठ्यांची रीत त्यांनी उचलली आणि १९२१ पर्यंत चालवली. कॉलेजची आजची संगमरवरी इमारत १९१२ ची. संस्थानिकांच्या मुलांना राज्यकारभारासाठी तयार करणाऱ्या अशा शाळांत घोडेस्वारी आणि पोलो शिक्षणाचाच भाग होते. शिकणारे राजपुत्र, शिकवणारे आणि घोडे राखणारे मात्र साध्या घरांतले.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. संस्थानांची घोडदळे एकेक करून मोडली गेली. ग्वाल्हेर, म्हैसूर, जोधपूर यांसारख्या संस्थानांचे स्वार १९५३ मध्ये एकत्र करून ६१ वी कॅव्हलरी ही भारतीय सैन्याची घोडदळाची रेजिमेंट झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये दोन सुवर्णपदके मिळवणारे रघुबीर सिंह याच रेजिमेंटचे. त्यानंतर सुवर्णासाठी थेट २०२३ उजाडावे लागले. मधल्या काळात बहुतेक लोकांसाठी घोडा म्हणजे टांगा आणि लग्नाची वरात, एवढाच उरला. घोडेस्वारी जिवंत राहिली ती सैन्यात, पोलिसांत आणि मोजक्या शाळांच्या तबेल्यांत.

अशा एखाद्या शाळेत पहाटे जाऊन पाहा. स्वार यायच्या आधी तास-दोन तास सईसांचे, म्हणजे घोडे राखणाऱ्यांचे, काम सुरू झालेले असते. खरारा फिरतो, धूळ उडते, घोडा मान खाली घालून डोळे अर्धे मिटतो. सईस खांद्याने घोड्याला किंचित रेटतो, वजन दुसऱ्या पायावर जाते आणि खूर अलगद त्याच्या हातात येतो. आतला चिखल आणि खडे तो आकडीने काढतो, नाल हलतो का ते अंगठ्याने दाबून पाहतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद लागतोच. मग खोगीर, तंग, लगाम. मूल येते आणि डाव्या बाजूने रिकिबीत पाय ठेवते. ही डावी बाजू कमरेला डावीकडे तलवार लटकत असे तेव्हापासूनची आहे. तलवार गेली, सवय राहिली.

पहिले कित्येक दिवस मुलाला वाटते आपण घोडा शिकतोय. प्रत्यक्षात ते सईसाकडून कान कसे वाचायचे, मागून कधी जायचे नाही, घामेजल्या घोड्याला लगेच बांधायचे नाही, हे शिकत असते. ड्रेसाजच्या ६० बाय २० मीटरच्या मैदानात पंचांना जे दिसते, म्हणजे इशारा दिसण्याआधीच घोडा वळला असे वाटणे, त्याचा पाया या तबेल्यातल्या ओळखीत आहे. हांगझोऊच्या आपल्या स्वारांनी युरोपात राहून कसून सराव केला, त्याशिवाय हे पदक शक्यच नव्हते. पण लहान वयात घोड्याची भीती जाणे हे काम गावातल्या शाळेचेच.

या पदकानंतर मुलींना घोड्यावर बसवणारे आईवडील वाढावेत असे मनापासून वाटते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट व्हायला हवी. महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे घोड्यांचे डॉक्टर घडतात. सईस आणि नालबंद मात्र आजही बापाचे पाहून शिकतात, आणि त्यांची मुले हे काम सोडून चालली आहेत. त्यांनाही रीतसर प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि बरा पगार मिळावा. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद हा हिशेब आपल्याच जुन्या पागेने घालून दिलेला आहे.