बॅट चिरते ती चेंडूने की मे महिन्याने?

‘जितके ग्रेन जास्त, तितका चेंडू लांब’ हा दुकानातला मंत्र ऐकून इंग्लिश विलो या लाकडाची महागडी बॅट घ्यायची आणि मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत टाकून नागपूरच्या जामठा स्टेडियमवर मॅच बघायला जायचं, हा अन्याय आहे. बॅटवर!

ग्रेन म्हणजे झाडाची वार्षिक वलयं. रेषा सरळ, पातं पांढरट, डाग-गाठी नाहीत, की ग्रेड १. ग्रेड ठरते ती मुख्यतः डोळ्यांनी आणि किंमत तिच्यामागे पळते. दाट रेषांची बॅट लवकर खुलते, पण लवकर थकतेही. खरा फरक पडतो कारखान्यात पातं दाबणाऱ्या रोलरखाली. पातं कमी दाबलं तर चेंडूचे खड्डे पडतात, जास्त दाबलं तर ते मठ्ठ होतं.

आणि पाण्याने! पेशीभित्तिकांमधल्या सेल्युलोजला पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. हवा कोरडी झाली की लाकूड ते सोडतं, दमट झाली की ओढून घेतं. हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातला ओलावा ४ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ८० टक्के असेल तर १६ च्या आसपास. कारखान्यातून बॅट निघते साधारण १० ते १२ टक्क्यांवर. नागपूरच्या ४५ अंशांत बाहेरचा थर आधी आटतो, आतला फुगलेलाच राहतो आणि वरचा ताणला जातो. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. म्हणून चीर रेषेच्या बाजूनेच उभी जाते. यॉर्कर फक्त निमित्त.

कूलरसमोर उभी केलेली बॅट उलट बिघडते. तळाशी नळ्यांसारख्या पेशींची तोंडं उघडी असतात, तिथून ओल शिरते आणि तळ फुगतो.

उपाय आपल्या चटणीतलाच, जवस. त्याचं कच्चं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि ओलाव्याची ये-जा मंदावते. थांबत मात्र नाही. खोबरेल वाळतच नाही, ते केसांनाच बरं. चमचाभर तेल फडक्याने पात्याच्या पुढच्या बाजूला, कडांना आणि तळाला लावा. दांड्याच्या सांध्याला आणि स्टिकरला नको. बॅट आडवी ठेवा, दिवसभराने दुसरा हात द्या. जास्त पाजलं तर बॅट जड आणि बोथट होते. तेल मुरलं की लाकडी हातोडीने एकूण पाच-सहा तास ठोकणी, सुरुवातीला हलकी. कडांवर तिरकी द्या, तळावर थेट मारू नका.