पाव वाडा बांधा, अख्खा वाडा बघा

नमस्कार! आमच्याकडून आरशांचं किट घेतलंत ना, मग खोका फोडायच्या आधी हे वाचा. दर वर्षी क्लासचं प्रोजेक्ट आलं की सबमिशनच्या आदल्या रात्री फोन येतात, तोपर्यंत आरसा वाकडा चिकटून बसलेला असतो आणि मग आम्ही तरी काय करणार.

किटमध्ये १५ सेंमीचे दोन चौकोनी ॲक्रिलिक आरसे आहेत, २ मिमीचे. काचेचे मुद्दाम देत नाही, मुलांच्या हातात काचेचा कोपरा नको. बाकी सनबोर्ड, लाकडी काड्या, मणी वगैरे.

करायचं काय, तर वाड्याचा चौक. पण अख्खा नाही, फक्त पाव. दोन आरसे एका खोक्यात ९० अंशात उभे केले की तुमचा एक खरा भाग आणि त्याची तीन प्रतिबिंबं मिळून पूर्ण चौक दिसतो. हिशोब सोपा आहे, ३६० ला कोनाने भागा, येतील तेवढे भाग. ६० अंशाला सहा म्हणजे षटकोनी चौक, ४५ ला आठ. पहिल्यांदा करताय तर ९० च धरा. खांब आरशाला टेकवू नका, मोकळे तीन लावलेत की बारा दिसतील. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब जवळून बघायचे असतील तर मुलांना घेऊन पुण्यातल्या विश्रामबागवाड्यासमोर पाच मिनिटं उभे रहा, फोटोवरून तो आकार डोक्यात बसत नाही.

आता मेन गोष्ट, जी सगळे शेवटी करतात आणि फसतात: बघायचं भोक आधी ठरवा. आरशांच्या सांध्याच्या बरोब्बर समोर, खोक्याच्या कोपऱ्यात, पेन जाईल एवढं. वरून बघितलं की आरशांच्या कडा दिसतात आणि सगळी मजा गेली. पण भोकातून बघितलं की मधल्या प्रतिबिंबात स्वतःचाच डोळा दिसतो, हे बहुतेकांना माहितीच नसतं. तो कायम सांध्याच्या मागेच येतो, म्हणून सांध्यात तुळशीवृंदावन ठेवायचं, तेही पावच, आणि भोकापेक्षा उंच. डोळा त्याच्याआड जातो आणि वृंदावन मात्र चौकाच्या मधोमध पूर्ण दिसतं. आमच्या दुकानात ठेवलेलं मॉडेल बघून एक आजोबा म्हणाले, ‘अहो, एवढुशा खोक्यात एवढं मावलं कसं?’

कोन बरोबर आहे का ते चिकटवायच्या आधी बघा. सांध्यात स्वतःचं तोंड बघायचं, नाक बारीक झालं किंवा दोन नाकं दिसली तर कोन चुकलाय, काटकोन्या लावून परत. आरसा जमिनीला पण सरळ उभा हवा, नाहीतर प्रतिबिंबातला चौक उतरणीला लागतो.

एक फट मात्र राहतेच. चमकणारा थर आरशाच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळे वस्तू टेकवली तरी तिच्यात आणि प्रतिबिंबात जवळजवळ पावणेतीन मिमी अंतर दिसतं. ती मिटवायला जाऊ नका, फरसबंदीची रेघ नेमकी तिथे आणा म्हणजे फट त्यातलीच वाटते. भिंतीवर पाटी लावणार असाल तर बाजूच्या दोन प्रतिबिंबांत अक्षरं उलटी येतात, मधल्यात सुलटी, खास तेवढ्यासाठी एक पाटी लावाच.

लाइट खोक्याच्या वरून, बटर पेपर लावून. एलईडी पट्टी आत उघडी ठेवली तर ती पण चार-चार दिसते.

गोंदाचं नीट ऐका. तो झटपट चिकटणारा क्विकवाला अजिबात नको, त्याच्या वाफेने आरशावर पांढरट धुकं धरतं आणि ते जात नाही, आमचे स्वतःचे दोन आरसे असेच गेलेत. मागून डबल टेप लावा, पुरते. पुसायला ओलसर मऊ सुती कापड, काच पुसायचा स्प्रे नको, आणि कोरड्या कापडाने घासलंत तर चरे पडणारच.

आरशावरची निळी फिल्म सगळ्यात शेवटी काढायची, आणि काढली की आरसा बदलून मिळत नाही. चरा फिल्मच्या आतच असेल तर बिल घेऊन या, लगेच बदलून देऊ.