‘डिलीट फॉर मी’ की ‘डिलीट फॉर एव्हरीवन’? घाईत नेमकं काय दाबायचं

रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर बहिणीला लिहायचं होतं, ते गेलं सासरच्या ‘परिवार’ ग्रुपवर : ‘आत्याबाई अजून आठ दिवस तरी हलत नाहीत गं.’ ग्रुपवर स्वतः आत्याबाईही आहेत. पोटात गोळा येतो. मेसेजवर बोट दाबून धरलं की वर कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह येतं, ते दाबलं की समोर दोन ओळी. दोन्हींची सुरुवात ‘डिलीट फॉर’ अशीच. घाबरलेलं बोट ‘डिलीट फॉर मी’वर पडतं, मेसेज नाहीसा होतो आणि जीव भांड्यात पडतो. बाकीच्यांच्या फोनवर मात्र तो जसाच्या तसा आहे. तो आता दिसत नाही फक्त लिहिणारीलाच.

व्हॉट्सॲपवर घरोघरी होणारी ही चूक आहे, आणि ती करणारा माणूस बावळट नसतो. ‘फॉर मी’ म्हटलं की वाटतं, माझी चूक, माझ्यापुरती मिटली. बटण मात्र एवढंच सांगतं की माझ्या फोनवरची प्रत काढून टाक.

व्हॉट्सॲपचे मेसेज कुठल्या एका मोठ्या वहीत नसतात, ते ज्याच्या त्याच्या फोनवर असतात. मेसेज पोचला की कंपनीच्या सर्व्हरवरून तो काढला जातो. म्हणजे लग्नपत्रिका छापून वाटल्यासारखंच. ‘फॉर मी’ म्हणजे आपल्या घरात उरलेली पत्रिका फाडणं. ‘फॉर एव्हरीवन’ म्हणजे ज्यांना ज्यांना पत्रिका गेली, त्या प्रत्येकाच्या घरी माणूस पाठवून ती परत मागवणं. पहिलं काम तुमच्या हातातलं, लगेच होतं. दुसऱ्यात समोरच्या फोनला निरोप जातो की अमुक मेसेज काढ. तो फोन चालू असेल, नेट असेल, तर काम होतं. तोपर्यंत मेसेज वाचून झालेला असू शकतो. आणि काढणं जमलं नाही तर तसं तुम्हाला कळवलंही जात नाही.

दोन्हींतला सगळ्यात महागात पडणारा फरक वेगळाच आहे, आणि तो कुणी सांगत नाही. ‘फॉर मी’ दाबलं की तुमच्या हातातली दोरीच सुटते. तुमच्या फोनवर मेसेज उरला नाही, तर तो सगळ्यांकडून काढायचा कसा? बोट दाबून धरायलाच काही नाही. ‘इन्फो’त जाऊन कुणी कुणी वाचला हे बघायची सोयही त्याच्याबरोबर जाते. म्हणून ‘आधी माझ्याकडून काढते, मग बाकीच्यांचं बघते’ हा क्रम उलटा आहे. आधी सगळ्यांकडून, मग वाटलं तर आपल्याकडून.

तरी चुकून दाबलं गेलंच, तर दोन वाटा आहेत. डिसेंबर 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ‘अनडू’ आणलं : ‘फॉर मी’ दाबल्यावर पडद्याच्या तळाशी एक पट्टी येते आणि ती जेमतेम पाच सेकंद टिकते. तेवढ्यात ‘अनडू’ दाबलं तर मेसेज परत येतो आणि मग योग्य बटण दाबता येतं. ती पट्टी हुकली तर ग्रुपचा ॲडमिन. त्याला कुणाचाही मेसेज सगळ्यांकडून काढता येतो. अडचण एवढीच की आमच्याकडे परिवार ग्रुपचा ॲडमिन बहुतेकदा आत्याबाईंचाच मुलगा असतो. तरी फोन करावाच. आईचा स्वभाव तो आपल्यापेक्षा चांगला ओळखतो, आणि असा माणूस अशा वेळी फार कामाला येतो.

घाईत होणारी आणखी एक गफलत. चुकीच्या मेसेजबरोबर त्याखाली आलेलं कुणाचं तरी उत्तरही निवडलं गेलं, तर ‘फॉर एव्हरीवन’ची ओळ दिसतच नाही. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांकडून काढायचा हक्क आपल्याला नाही, म्हणून फक्त ‘फॉर मी’ उरतं आणि माणूस तेच दाबतो. ओळ दिसली नाही तर थांबा, निवड सोडा, फक्त आपला मेसेज धरा.

वेळेचं म्हणाल तर आता भरपूर आहे. 2017 मध्ये ही सोय आली तेव्हा फक्त 7 मिनिटं मिळायची, ऑगस्ट 2022 पासून दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. म्हणजे थरथरायचं कारण नाही. चष्मा लावा, ओळ पूर्ण वाचा, मग दाबा.

‘फॉर एव्हरीवन’ची एक किंमत आहे, ती मान्य करून टाकावी : मेसेजच्या जागी तो डिलीट केल्याची खूण राहते. मूळ मेसेज ज्यांनी पाहिलाही नव्हता, तेही मग विचारतात, ‘काय गं, काय काढलंस?’ शिवाय कुणी त्या मेसेजला धरून उत्तर दिलं असेल, तर त्या उत्तराच्या डोक्यावर तुमचं वाक्य तसंच राहतं. अँड्रॉइडच्या नव्या फोनांत आलेल्या सूचना साठवून ठेवणारी नोटिफिकेशन हिस्टरी चालू केलेली असेल, तर तिथेही ते सापडू शकतं. ‘फॉर मी’ची मात्र कुणालाच खूण दिसत नाही. म्हणून ते बटण खरं कामाचं आहे ते सकाळच्या फुलांच्या ‘सुप्रभात’ चित्रांसाठी : काकांना न दुखवता आपला फोन रिकामा करायचा असेल, तर बिनधास्त ‘फॉर मी’.

आणि प्रत्येक चुकीला डिलीट हे औषध नाही. मे 2023 पासून पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत दुरुस्तही करता येतो, बाजूला फक्त ‘एडिटेड’ असं येतं. घाईत ‘आजोबा गावाला गेले’मधला ‘गावाला’ राहून गेला, तर तो मेसेज डिलीट करणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. ‘आजोबा गेले’ एवढं वाचलेल्या माणसाला नंतर तिथे डिलीटची खूण दिसली, तर घरात रडारड होईल. तिथे एडिटच करावं. फक्त एडिट केल्याची नव्याने नोटिफिकेशन जात नाही, म्हणून ज्यांनी आधीच वाचलंय त्यांच्यासाठी लगेच खाली वेगळा मेसेज टाका : आजोबा एसटीत बसलेत, खिडकीची जागा मिळालीय, तब्येत ठणठणीत आहे.